कार्बन डायसल्फाइड : कल्याणच्या शेजारचें एक जुनें भय

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या दिशेनें निघाली कीं पहिलें स्थानक शहाड आणि दुसरें आंबिवली. शहाड हें पुष्कळांस तेथील विठ्ठलमंदिरामुळें ठाऊक आहे. आषाढी एकादशीस ज्यांस पंढरपूर गांठणें जमत नाहीं, त्यांची तेथें मोठी रांग लागते. त्या मंदिराजवळच सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. पुढें आंबिवलीजवळ मोहने गांवीं नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एनआरसी’चा, कारखाना होता, तो २००९ सालीं बंद पडला. दोहोंचा धंदा एकच, लांकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढण्याचा. आणि दोहोंस एका द्रवावांचून गत्यंतर नव्हतें. त्या द्रवाचें नांव कार्बन डायसल्फाइड. आज त्याचाच इतिहास थोडक्यांत सांगावयाचा आहे.

ज्यांनीं शाळेंत रसायनशास्त्राचे धडे गिरविले आहेत, त्यांस हें नांव अगदींच परकें वाटूं नये. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांचें मिश्रण वेगळें कसें करावें, हा प्रश्न परीक्षेंत हमखास येई आणि त्याचीं दोन उत्तरें असत. एक लोहचुंबक, दुसरें, गंधक कार्बन डायसल्फाइडमध्यें विरघळवून गाळून घेणें. गाळलेला द्रव कांचेच्या बशींत उघडा ठेवला कीं थोड्याच वेळांत तो उडून जाई आणि तळाशीं गंधकाचे पिंवळे, अष्टफलकी स्फटिक चमकूं लागत. मुलांस ते स्फटिक फार आवडत. बशींतून उडून गेलेला द्रव कोठें गेला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नसे. वास्तविक त्या प्रयोगांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. माझें मत विचाराल तर हा प्रयोग शाळेंत आतां मुळींच करूं नये. स्फटिकाचें चित्र दाखविलें तरी ज्ञानांत कांहीं उणें पडत नाहीं.

हा द्रव प्रथम हातीं आला तो १७९६ सालीं, जर्मनींतील फ्रायबर्ग येथें. लाम्पाडिउस नांवाच्या रसायनज्ञानें लोह व गंधक यांचें खनिज ओलसर कोळशाबरोबर तापविलें, तेव्हां त्यास हा चंचल पदार्थ मिळाला. अर्ध्या शतकानें, १८४८ सालीं, क्लोरोफॉर्मची ख्याति करणारे एडिंबरोचे डॉक्टर सिम्सन यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास बेशुद्ध करण्यासाठींहि तो वापरून पाहिला. रोगी बेशुद्ध होत, परंतु त्यांस भयंकर दृश्यें दिसत आणि मागाहून डोकें दुखे व मळमळे. म्हणून तो नाद त्यांनीं सोडला. वैद्यांनीं सोडलेला पदार्थ कारखानदारांनीं मात्र उचलला. १८४६ मध्येंच अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज गृहस्थानें रबर न तापवितां पक्कें करण्याची रीत काढली होती, आणि तींत हाच द्रव लागे.

पुढची हकीकत पॅरिसची आहे. तेथें रबराचे फुगे व तत्सम वस्तू करणारे कारागीर लहान, कोंदट खोल्यांतून हातानें हें काम करीत. ऑगस्त देलपेश नांवाच्या डॉक्टरकडे असे रोगी येऊं लागले कीं ज्यांचें डोकें सतत दुखे, रात्रीं वाईट स्वप्नें पडत, स्वभाव चिडखोर होई, स्मरणशक्ति जाई आणि पाय लटपटत. तीस वर्षांचा मनुष्य म्हाताऱ्यासारखा दिसे. देलपेशनें त्यांच्या कामाची चौकशी केली आणि १८५६ सालीं, हा रोग कार्बन डायसल्फाइडची वाफ हुंगल्यानें होतो, असें प्रसिद्ध केलें. पुढें शार्कोसारख्या नामांकित मज्जातंतुवैद्यानेंहि या रोगावर व्याख्यान दिलें. इंग्लंडांत डॉक्टर टॉमस ऑलिव्हर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लिहून ठेविलें आहे कीं, रबराच्या कारखान्यांत कांहीं मजुरांस एकाएकीं वेड लागून ते वरच्या मजल्यावरून उड्या टाकीत, म्हणून खिडक्यांस लोखंडी गज बसवावे लागले. गज बसविण्याऐवजीं हवा खेळती करावी हें त्या मालकांस अगोदर कां सुचलें नसावें, याचें आश्चर्य वाटतें.

रबराच्या धंद्यांत या द्रवाचें महत्त्व कमी होण्याच्या सुमारास त्यास दुसरें, कितीतरी मोठें घर मिळालें. १८९२ सालीं क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघां इंग्रजांनीं कृत्रिम रेशमाची कृति शोधून काढली. लांकडाचा शुद्ध केलेला लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवितात, पिळून त्याचा चुरा करतात व तो चुरा मोठ्या बंद पिंपांत कार्बन डायसल्फाइडबरोबर घुसळतात. पांढरा चुरा नारिंगी होतो. तो पुन्हां सौम्य सोड्यांत विरघळविला कीं मधासारखा दाट, चिकट रस होतो. त्यास व्हिस्कोज म्हणतात. हा रस बारीक छिद्रांच्या चाळणींतून गंधकाम्लाच्या कुंडांत सोडला कीं प्रत्येक छिद्रांतून एक तंतु बाहेर पडतो. परंतु आम्लांत शिरतांच रसांतील कार्बन डायसल्फाइड पुन्हां मोकळा होतो व त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड हा दुसरा विषारी वायु निघतो. साडींत किंवा टायरच्या दोऱ्यांत शेवटीं त्या द्रवाचा थेंबहि राहत नाहीं. तो जातो तो कातणाऱ्याच्या भोंवतालच्या हवेंत, अन् यंत्रें चांगलीं असलीं तर पंख्यांनीं ओढून घेऊन पुन्हां टाकींत.

कल्याणच्या परिसरांत हा धंदा यावा यांत नवल नाहीं. त्यास पाणी फार लागतें आणि उल्हास नदी बारमाही; मुंबईची बाजारपेठ जवळ, आणि कल्याण हें आगगाडीचें मोठें जंक्शन. एनआरसीची स्थापना १९४६ ची. १९५० च्या सुमारास त्रावणकोर व कल्याण या दोन ठिकाणीं भारतीय रेयॉनचा पाया घातला गेला आणि त्याच दशकांत शहाडचा कारखानाहि उभा राहिला. शेजारच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांची वस्ती होऊन १९४९ सालीं तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें. कारखाना व शहर हीं अशीं बरोबरीनें वाढलीं. आज दोहोंमध्यें पुष्कळ ठिकाणीं एका भिंतीचेंच अंतर आहे.

येथें एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला त्या वेळीं त्याच्या परिशिष्टांत जे रोग आढळल्यास सरकारला कळविणें भाग होतें, त्यांत शिसें, पारा, सोमल यांच्याबरोबर कार्बन डायसल्फाइडच्या विषबाधेचेंहि नांव होतें. म्हणजे धागा निघूं लागण्यापूर्वींच रोग आपल्या कायद्याच्या पुस्तकांत येऊन बसला होता. हें ज्ञान मजुराच्या खोलीपर्यंत व भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडापर्यंत पोंचविण्याची तरतूद मात्र त्या पुस्तकांत तेव्हां नव्हती.

ज्ञानहि त्या ठिकाणीं थांबलें नव्हतें. १९६८ सालीं ब्रिटनमध्यें वेल्सच्या रेयॉन-कारखान्यांतील मृत्यूंचा हिशेब घेतला, तेव्हां कातणाऱ्यांमध्यें हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण इतरांहून बरेंच अधिक दिसलें. ज्या रोगाला तोंवर मज्जातंतूंचा रोग समजत, तो रक्तवाहिन्यांचाहि निघाला. दक्षिण कोरियांत वोनजिन नांवाच्या कारखान्यानें जपानमधून जुनीं यंत्रें आणलीं. शेंकडों कामगारांस विषबाधा झाली, १९९३ त कारखाना बंद झाला आणि तींच यंत्रें चीनला विकलीं गेलीं.

आतां या द्रवाच्या दुसऱ्या स्वभावाकडे वळूं. त्याचें विष हळूहळू मारतें. आग मात्र क्षणाचाहि अवधि देत नाहीं. तो ४६ अंश सेंटिग्रेडलाच उकळतो. शून्याखालीं तीस अंश इतक्या थंडींतहि त्याची वाफ ठिणगीनें पेटूं शकते. यापेक्षां विलक्षण गोष्ट ही कीं पेटण्यास त्यास ठिणगीहि लागत नाहीं. सुमारें ९० ते १०० अंश तापलेला पृष्ठभाग पुरतो. वाफेची उघडी नळी, जळता विजेचा दिवा, नुकतीच ज्योतींतून काढलेली व लाल न झालेली कांचेची कांडी, यांपैकीं कशानेंहि तो पेटतो. हवेंत शेंकडा १ पासून ५० पर्यंत कोणत्याहि प्रमाणांत त्याचें मिश्रण स्फोटक असतें. वाफ हवेच्या अडीचपटींहून जड, म्हणून ती जमिनीलगत, गटारांतून, जिन्याखालून सरपटत जाते आणि दूरच्या विस्तवाला स्पर्श करून ज्वाळा उगमाकडे परत आणते.

त्याच्या हाताळणीचे सर्व नियम या स्वभावांतून निघाले आहेत. द्रव पाण्याहून सव्वापट जड असून पाण्यांत फारसा मिसळत नाहीं. म्हणून टाक्यांत त्यावर पाण्याचा थर ठेवतात व ते पाणी पांघरुणाचें काम करतें. प्रयोगशाळेंत बाटली उन्हापासून, चुलीपासून व दिव्यापासून दूर, थंड जागीं ठेवावी. ती उघडावयाची ती धूर ओढणाऱ्या कपाटांतच. उरलेला द्रव मोरींत ओतणें हा तर गुन्हाच समजावा. नळींतून वाहतांना त्यांत स्थिर वीज उत्पन्न होते, म्हणून नळ व टँकर तारेनें जमिनीस जोडावे लागतात. रिकामा टँकर भरलेल्यापेक्षां अधिक भयंकर असूं शकतो. कारण उरलेल्या पेलाभर द्रवाची वाफ आंतल्या हवेशीं मिसळते. ती हवा हुसकून लावण्यासाठीं नायट्रोजन भरतात, आणि तो भरला आहे कीं नाहीं याची तपासणी हें त्या कामांतील अत्यंत नाजूक पाऊल होय. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं शहाडच्या कारखान्यांत याच द्रवाच्या विभागांत टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखीं पडले. हादरा आसपासच्या वस्तींत जाणवला.

अशा प्रसंगीं काय करावें, हें कारखान्याबाहेरच्या माणसांसहि कळलें पाहिजे. पहिलें, नाकावर विसंबूं नये. बाजारी कार्बन डायसल्फाइडला सडलेल्या मुळ्यासारखी घाण येते खरी, पण थोड्या वेळांत नाक बधिर होतें आणि वास गेला म्हणजे वायु गेला असें मनुष्य समजतो. हायड्रोजन सल्फाइडचेंहि तसेंच. दुसरें, वाऱ्याच्या आडव्या दिशेनें, उंचवट्याकडे निघावें. नाल्याच्या कांठानें किंवा तळघरांतून जाऊं नये. नोव्हेंबर २०१४ मध्यें उल्हासनगरांत वालधुनी नदींत टँकरमधून रसायन सोडलें गेलें, तेव्हां पहाटे झोपेंत असलेल्या शेंकडों लोकांस दवाखाना गांठावा लागला, तो नदीकांठच्या सखल वस्तींतून. तिसरें, वास येत असतां विजेचें बटण लावूंहि नये, बंदहि करूं नये. आणि धूर पाहण्यासाठीं खिडकीशीं उभें राहूं नये. २६ मे २०१६ रोजीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत प्रोबेस एंटरप्रायझेसमध्यें स्फोट झाला. तेथील रसायन निराळें होतें. बारा जण मेले, दोनशेंहून अधिक जखमी झाले, आणि पुष्कळांस जखमा झाल्या त्या आपापल्या घरांच्या व दुकानांच्या फुटलेल्या कांचांनीं.

कोणी वाफेनें बेशुद्ध पडला असेल तर त्यास उघड्या हवेंत आणावें. परंतु बंद खोलींत किंवा टाकींत, हवेची नळी असलेला मुखवटा घातल्याशिवाय, कोणीहि उतरूं नये. तोंडाला ओला रुमाल बांधून उतरणारे शूर असतात, पण त्यांस बाहेर काढण्यास मग तिसरा मनुष्य लागतो. अंगावर द्रव सांडला असेल तर कपडे काढून निदान पंधरा मिनिटें पाण्यानें धुवावें. पोटांत गेला असल्यास ओकारी काढूं नये. आग लागलीच तर तिच्या धुरांत गंधकाचा दम कोंडणारा वायु असतो, म्हणून ती विझविण्याचें काम अग्निशामक दलाचेंच. त्यांस येथें एक सोय आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगून जळत राहतें, पण हा द्रव पाण्याखालीं बुडतो. पाणी हळुवार सोडून त्याचा थर वर आणला कीं ज्वाळा शमते. जोराचा झोत मारला तर मात्र द्रव उसळून गटारांत जातो आणि आग दुसऱ्या गल्लींत निघते.

भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८७ सालीं, फॅक्टरी कायद्यांत दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यानें आपल्याकडील धोक्यांची माहिती कामगारांस व आसपासच्या लोकांस द्यावी असें त्यांत प्रथमच लिहिलें गेलें. १९८९ च्या रसायनविषयक नियमांनीं ती जबाबदारी अधिक स्पष्ट केली. तेव्हां कारखान्याजवळ राहणाऱ्या गृहस्थानें भोंगा कसा वाजतो, वाजल्यावर कोठें जमावयाचें, हें विचारण्यांत आगाऊपणा कसला?

रस्त्यावरहि हा द्रव भेटतो. रासायनिक टँकरवर जी पाटी असते तिच्यावर प्रत्येक पदार्थाचा एक चार आंकडी क्रमांक लिहिलेला असतो. तो जगभर एकच आहे. कार्बन डायसल्फाइडचा क्रमांक ११३१. टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊन वास घेण्याऐवजीं, दूर उभें राहून १०१ वर अग्निशामक दलास जागा व तो आंकडा सांगावा. गाडी निघण्यापूर्वींच काय बरोबर घ्यावयाचें तें त्यांस कळतें. आणि दवाखान्यांत नेलेल्या माणसाच्या खिशांत तोच आंकडा चिठ्ठीवर लिहून ठेवावा.