शेरूचं स्वादुपिंड

नेरुळला आमच्या घरी फ्रिजच्या दारात बाबांचं इन्सुलिन असतं आणि फ्रिजवर शेरूच्या पावडरचा डबा. शेरू जर्मन शेफर्ड. पातेलंभर खायचा, तरी बरगड्या मोजता यायच्या. त्याच्या स्वादुपिंडात पाचक रसच पुरेसा बनत नाही. या जातीत हा आजार बराच दिसतो. डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली एन्झाइमची पावडर जेवणात कालवायची. प्रत्येक जेवणात, आयुष्यभर.

आता मागे जाऊ. १८८६ मध्ये मुंबईत व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, तिकडे स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. प्रश्न पचनाचा होता. पण कुत्रा सारखा लघवी करायला लागला; तपासली तर साखर! १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्टनी अशाच कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचला, आणि १९२२ च्या जानेवारीत तो एका १४ वर्षांच्या मुलाला दिला. तेच इन्सुलिन. त्या कुत्र्यांपैकी मार्जोरीचं नाव तेवढं लोकांना माहीत आहे. हे वाचताना, खरं सांगतो, शेरूकडे बघवेना.

रात्री बाबा सुई टोचून घेतात, तोवर मी पावडर कालवतो. दोघं एकदमच जेवतात.