आप्पांचा हात की यंत्राचा उशीर? मिडीच्या वेळेची गोष्ट

माझ्या पीएचडीचा विषय संगीतातल्या यंत्रांचा इतिहास आहे असं सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा ग्रामोफोनबद्दल विचारतो. ग्रामोफोनवर पुन्हा कधीतरी लिहीन. आज मिडीबद्दल सांगायचं आहे, म्हणजे कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्याबद्दल. आणि त्यासाठी तुम्हाला आधी माझ्याबरोबर तीर्थपुरीला यावं लागेल.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. तिथे आमचे मोठे काका राहतात, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. भजनी मंडळात पखवाज त्यांचाच. तरुणपणी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडही वाजवलेलं. माझ्या चुलतभावाने घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगची जुळवाजुळव केली : लॅपटॉप, साउंड कार्ड, एक माइक आणि ते जुनं ऑक्टोपॅड. पत्र्याच्या खोलीत पखवाज फार घुमतो, म्हणून आप्पांनी ऑक्टोपॅडवर वाजवायचं आणि पखवाजाचा आवाज लॅपटॉपमधून काढायचा, असं ठरलं.

रेकॉर्डिंग झालं. स्क्रीनवर ठोके उमटले, आणि बरेचसे मात्रेच्या रेघेवर नव्हते. कुठे अलीकडे, कुठे पलीकडे. भाऊ मला हळूच म्हणाला, "आप्पांचा हात आता पहिल्यासारखा नाही राहिला." मग त्याने क्वांटाइझचं बटण दाबून सगळे ठोके रेघेवर ओढून बसवले. ठेका सरळ झाला, पण त्यातली चाल गेली. आप्पांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "माझी सम चुकली नव्हती. तुमच्या डब्ब्याची चुकली असंल." दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंगला बसले नाहीत.

कोण चुकलं होतं? हे शोधायला जरा मागे जावं लागतं.

१९८० च्या आसपास वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडायची सगळ्यांना चालेल अशी सोय नव्हती. एका कंपनीची यंत्रं मात्र आपसात जोडता यायची. जपानच्या रोलँडच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राला आणि टीबी-३०३ या बेस-यंत्राला पाच पिनांच्या केबलने एकत्र चालवता यायचं. त्या केबलमधून सूर जात नसत, फक्त टिकटिक जायची, एका मात्रेला २४ टिका. एक यंत्र टिकटिक करणार, दुसरं तिच्यावर चालणार.

याच यंत्रांवर १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. सोबतीला रोलँडचाच ज्युपिटर-८ सिंथेसायझर होता. ती तबकडी एचएमव्हीने काढली, फारशी खपली नाही आणि लोक विसरून गेले. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना आश्चर्य वाटलं, कारण पुढे अमेरिकेत 'ॲसिड हाउस' म्हणून गाजलेल्या आवाजाशी तिचं नातं अगदी जवळचं होतं. मिडी बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा.

मग मिडी आली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी सगळ्या कंपन्यांना चालेल अशा एका भाषेचा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या घरची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली. कंपन्यांनी ही भाषा स्वीकारायला हवी असेल तर ती स्वस्त असणं भाग होतं. म्हणून एकच तार, आणि तिच्यावरून सेकंदाला ३१,२५० बिट, एकामागून एक. या हिशेबाने एक सूर सुरू करायचा संदेश पोचायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. दहा सूर एकदम दाबले तर दहावा सूर सुमारे १० मिलिसेकंदांनी पोचतो.

तुम्ही म्हणाल, मग हीच रांग आप्पांना नडली असेल. नाही. ऑक्टोपॅडवर एका वेळी फार तर दोन ठोके पडतात, त्यांच्यासाठी ही तार पुरेशी वेगवान आहे. खरी मेख वेगळीच आहे. त्या संदेशात कोणता सूर आणि किती जोराने, एवढंच लिहिलेलं असतं. केव्हा, हे लिहिलेलंच नसतं. संदेश पोचला तीच त्याची वेळ.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. ऊस तोडला जातो शेतात, पण पावतीवर वेळ पडते ती कारखान्याच्या काट्यावरची. गाडी वाटेत अडकली, रांगेत थांबली, तरी पावतीला त्याचं काही देणंघेणं नसतं. मिडीचंही तसंच. आप्पांचा हात पॅडवर पडतो ती वेळ एक, आणि कॉम्प्युटर ज्या वेळी नोंद करतो ती दुसरी. १९८३ मध्ये एका वाद्याला थेट दुसरं वाद्य जोडलेलं असायचं, वाटेत रांग नव्हती, म्हणून हे खटकत नव्हतं. पुढे वाटेत कॉम्प्युटर आला, यूएसबी आलं, ड्रायव्हर आला, आणि प्रत्येकाने आपली छोटी रांग लावली. मिडीच्या मर्यादांवर टीकाही लवकरच सुरू झाली. एफ. रिचर्ड मूर यांचा या विषयावरचा गाजलेला लेख १९८८ चा आहे.

आता इथे दोन दुखणी वेगळी करावी लागतात, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं, ठरावीक उशीर. प्रत्येक ठोका समजा १० मिलिसेकंदांनी उशिरा येतो. याचा बाऊ करू नका. आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दिंडीत तीन मीटरवरच्या टाळकऱ्याला पखवाज जवळपास तेवढाच उशिरा ऐकू येतो, आणि तरी भजन रंगतं.

दुसरं, डळमळीत उशीर. एक ठोका ३ मिलिसेकंदांनी, पुढचा २० ने, त्यापुढचा ८ ने. हा ठेका मोडतो. आणि स्क्रीनवर तो हुबेहूब कच्च्या हातासारखाच दिसतो.

आमच्या खोलीत दोन्ही दुखणी सापडली. आप्पांच्या कानात ब्लूटूथचे इअरफोन होते. अशा इअरफोनांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो. स्वतःचाच ठोका उशिरा ऐकू आला की हात नकळत थांबून वाट बघतो. स्टॅनफर्डच्या ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यासारखाच एक प्रयोग मांडला होता : दोन माणसं वेगळ्या खोल्यांत बसवून, मध्ये मोजका उशीर घालून त्यांना एकमेकांबरोबर टाळ्या वाजवायला लावल्या. उशीर साधारण ११.५ मिलिसेकंदांपेक्षा कमी असला की लय चढत गेली, जास्त झाला की उतरत गेली. आणि इथे शंभराच्या गोष्टी चालल्या होत्या.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअरचा बफर १०२४ वर होता. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका घासात किती आवाज घेतो ते माप. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने हा घास सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो. काही सॉफ्टवेअर मिडीचे ठोके या घासाच्या कडेवरच नोंदवतात, मधे कुठेही हात पडो. शिवाय ऑक्टोपॅड, माउस आणि पेनड्राइव्ह एकाच यूएसबी हबवर लटकलेले होते.

हे सिद्ध कसं करायचं? इतिहासात एका साधनावर विसंबायचं नसतं, दुसरं साधन शोधायचं असतं. मी तेच केलं. पॅडजवळ माइक ठेवला आणि काठीचा आवाज मिडीबरोबरच वेगळ्या ट्रॅकवर घेतला. आप्पांना कशीबशी गळ घातली, फक्त पाच मिनिटांसाठी. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावले. माइकच्या ट्रॅकवर ठोके एकसारखे होते. मिडीचे वर-खाली हलत होते.

तुमच्याकडेही असं होत असेल तर या क्रमाने जा :

१. ब्लूटूथ बंद करा, वायरचा हेडफोन लावा.

२. पॅड किंवा कीबोर्ड हब न वापरता थेट लॅपटॉपला जोडा.

३. वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. खरखर येऊ लागली तर एक पायरी वर चढा. मिक्सिंगच्या वेळी वाढवला तरी चालतो.

४. माइकची ही चाचणी करा. फरक ठरावीक असेल तर पूर्ण मिडी ट्रॅक तेवढा मागे सरकवा, काम झालं. फरक डळमळत असेल तर पुन्हा दोन आणि तीनवर या, ड्रायव्हर बदलून बघा.

५. क्वांटाइझ सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर अर्ध्या जोराने. भजनी ठेक्यातले काही बोल रेघेच्या किंचित मागेच बसायचे असतात.

६. आणि मूळ टेक कधीही पुसू नका.

शेवटचा मुद्दा मी संशोधक म्हणून सांगतोय. उद्या कुणाला मराठवाड्यातला भजनी ठेका कसा झुलायचा हे अभ्यासायचं असेल, तर रेघेवर बसवलेल्या फायली त्याच्या काहीच कामाच्या नाहीत. त्यात आप्पा नसतील, सॉफ्टवेअर असेल.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये संदेशाबरोबर वेळेचा शिक्का पाठवायची सोय आली आहे. तिचं एकक आहे सेकंदाचा ३१,२५० वा भाग, म्हणजे १९८३ चाच आकडा. ही सोय आपल्याकडच्या जुन्या ऑक्टोपॅडांपर्यंत पोचेल अशी आशा मला नाही. तोवर माइक जवळ ठेवा.

भावाने दोन्ही ट्रॅक आप्पांना दाखवले आणि म्हणाला, "आप्पा, तुमचा हात बरोबर होता." आप्पा म्हणाले, "ते मला ठाव होतं. आता हार्मोनियमवाल्याला बोलव."