प्लेगचा जिवाणू : ओळख व वर्गीकरण

ग्रंथिक सन्निपाताच्या, म्हणजेच प्लेगच्या, जिवाणूचे आजचे शास्त्रीय नाव येर्सिनिया पेस्टिस. अलेक्सांद्र येर्सँ यांना तो १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत सापडला. दोनच वर्षांत साथ मुंबईत उतरली आणि पुढे कोल्हापूर संस्थानापर्यंत पोचली. जुन्या ग्रंथांत पाश्चुरेला पेस्टिस असे नाव आढळते, तो हाच जिवाणू. येर्सिनिया ही वेगळी प्रजाती १९४४ मध्ये सुचवली गेली.

मेथिलीन ब्लूने रंगवलेल्या काचपट्टीवर याची दोन्ही टोके गडद व मध्य फिका दिसतो, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. पण ही खूण पुरेशी नाही. त्याचा सख्खा भाऊ येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस युरिया फोडतो आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हालचाल करतो. प्लेगचा जिवाणू सहसा यांतले काहीच करत नाही. म्हणजे जो कमी ‘करतो’, तोच जास्त मारतो!

डीएनए मात्र वेगळेच सांगतो. दोघांतले साम्य इतके निघाले की १९८० मध्ये प्लेगच्या जिवाणूला दुसऱ्याची उपजाती ठरवण्याची सूचना आली. नावात गफलत होऊन रुग्णाच्या व प्रयोगशाळेतील माणसांच्या जिवावर बेतेल, या कारणाने ते नाव १९८५ मध्ये अधिकृतपणे फेटाळले गेले. शास्त्राने व्यवहारापुढे घेतलेली ही माघार योग्यच होती.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा, तर सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला. हा प्लेगच का, यावर पुढे बराच वाद झाला. त्या साथीतील वाणांचे १६एस आरडीएनए वाचून आणि आरएपीडी पद्धतीने जनुकीय ठसे काढून ते येर्सिनिया पेस्टिसच असल्याचा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. १६एस जनुक दोन्ही भावांत जवळजवळ सारखेच असते. त्यामुळे त्या एकाच पुराव्यावर निकाल देता येत नाही. ठसे, जैवरासायनिक चाचण्या, तसेच प्लाझ्मिडवरील पीएलए व कॅफ-१ ही जनुके यांची साक्ष काढावी लागते.

स्वयंचलित यंत्रांनी प्लेगच्या जिवाणूला स्यूडोट्युबरक्युलोसिस ठरवल्याची उदाहरणे आहेत. रुग्णाला गाठ, ताप व उंदरांचा संबंध असेल, तर यंत्राचा असा निकाल ग्राह्य न धरता नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा.