ओट्यामागील पट्टी व डॅडो : दुरुस्ती

स्वयंपाकाच्या ओट्याच्या मागच्या कडेला भिंतीलगत उभी बसवलेली ३-४ इंची दगडी पट्टी आणि तिच्या वर, किंवा तिच्याऐवजी, भिंतीवर लावलेल्या टाइल्सचा डॅडो पाणी, तेल व फोडणीचे शिंतोडे भिंतीत शिरू देत नाहीत. महाराष्ट्रातील घरांत ओटा बहुधा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा असतो. डॅडो पूर्वी ओट्यावर साधारण २ फुटांपर्यंत असे; आता तो अनेकदा छतापर्यंत नेतात.

बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा टाइलमध्ये नसते, ओटा व भिंत यांच्या सांध्यात असते. वजनाने आणि उष्णतेने ओटा भिंतीपेक्षा निराळा हलतो. सांधा पांढऱ्या सिमेंटने भरलेला असेल, तर त्याला बारीक चीर पडते. सिंकजवळचे पाणी तिथून मागे झिरपते, प्लास्टर भुसभुशीत होते, टाइल सुटते आणि पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे निघतात. त्यामुळे सुटलेली टाइल तेवढी चिकटवून भागत नाही. भिंतीतला नळ गळत असेल, तर ते काम डॅडोच्या आधी करावे लागते.

टाइलवर हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, की मागचा माल सुटलेला असतो. टाइल काढताना आधी चारही बाजूंच्या सांध्यांत भरलेले ग्राउट खरवडतात आणि मग छिन्नी मधून कडेकडे चालवतात. कडेने उचकटल्यास शेजारच्या टाइलचे टवके उडतात. भिजलेले प्लास्टर काढून नवे करतात व ते पुरते वाळू देतात. इथे घाई होते ती गवंड्याकडूनही आणि घरमालकाकडूनही.

साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसवता येते. व्हिट्रिफाइड टाइलचे जलशोषण ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसते. साधे सिमेंट तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेले टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरतात. बांधकामातून उरलेल्या टाइल्स माळ्यावर असल्या तर उत्तम. नसल्यास जवळपासच्या रंगाची एक टाइल शोधण्यापेक्षा अख्खी ओळ वेगळ्या रंगात घेतलेली बरी दिसते.

सिमेंटचे ग्राउट हळद व तेल शोषते, त्यामुळे शेगडीमागे इपॉक्सी ग्राउट योग्य. अ‍ॅसिडने धुण्याची सवय मात्र घातक ठरते: सिमेंटचे सांधे विरतात आणि कडप्पा हा चुनखडक असल्याने पांढरट पडतो. ओटा व भिंत यांच्या सांध्यातले जुने सिमेंट काढून, तेलकटपणा पुसून, तो कोरडा झाल्यावर लवचीक सिलिकॉन सीलंट भरतात. दगडाला लागून न्यूट्रल प्रकारचे सीलंट घ्यावे. व्हिनेगरसारख्या आंबट वासाच्या सीलंटमधील आम्ल कडप्प्यावर व संगमरवरावर डाग पाडू शकते. साधारण २४ तास तिथे पाणी लागू देत नाहीत.

दगडी पट्टी अखंड सुटली असेल, तर मागची धूळ व जुना माल साफ करून ती पुन्हा चिकटवतात. तुटलेला कोपरा त्याच दगडाची पूड इपॉक्सीत कालवून भरतात आणि घासून पॉलिश करतात. काळ्या ग्रॅनाइटवर असा जोड लपून जातो, फिकट दगडावर तो दिसतोच; तिथे पट्टीचा तेवढा तुकडा बदलणे सोयीचे.