वस्त्रावरील टिकली

वस्त्रावरील टिकली क्षुल्लक वाटली तरी तिचे कूळ मोठे आहे. १९२२ साली मिसर देशात सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात सोन्याच्या चकत्या शिवलेली वस्त्रे होती. तिचे इंग्रजी नाव ‘सीक्विन’ हे व्हेनिसच्या ‘झेक्किनो’ या सुवर्णनाण्यावरून आले. त्याचे मूळ अरबी ‘सिक्का’, म्हणजे आपलाच शिक्का! आपले कारागीर धातूच्या तारेची कडी ठोकून टिकली घडवीत. पुढे प्लॅस्टिकची टिकली स्वस्त झाली, आणि जुनी जरीवस्त्रे रुप्यासाठी जाळली गेली. आमच्या आजीचा टिकल्यांचा शेला आम्हीच मोडीत घातला. रुपयांचा हिशेब केव्हाच विसरलो. शेल्याची खंत मात्र उरली. ज्ञातिभगिनींनी आपल्या पेटीतील असे वस्त्र जपावे, ही आमची विनंती.