काकांचा ट्रॅक्टर, कांसाचं गवत आणि झाकलेली विहीर

ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक एकदम खाली गेलं आणि इंजिन बंद पडलं. मला वाटलं, खड्डा असेल. काका सीटवरूनच हळू आवाजात म्हणाले, "हलू नको." घाणेरीच्या फांद्या बाजूला करून पाहिलं तर चाकाखाली जुनी विहीर होती. कठडा कधीच ढासळलेला, तोंडावर झाडोऱ्याचं झाकण. एक दगड सुटून आत गेला आणि त्याचा आवाज बराच उशिरा आला.

पुढे बघून वाट सांगायचं काम माझं होतं. मी काय केलं होतं, तर मोबाईलवरचा उपग्रह नकाशा बघून काकांना सांगितलं होतं, "इथं काहीच नाही, नुसती झाडी आहे."

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं चार एकर वावर आहे. आबाजी गेले, बाबा आधीच नोकरीसाठी नागपूरला, मी पुण्यात कोड लिहितो. बारा वर्षं तिथं वखर फिरला नाही. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी आत सरकल्या, पळस उगवला, घाणेरीनं जाळी विणली. उरलेल्या जागेत कुंदा. विदर्भातल्या काळ्या मातीत शेती करणाऱ्याला हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. वरून कापा, जाळा, मुळं खोल शाबूत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवं. काकांचं म्हणणं होतं, वावर मक्त्यानं देऊन टाकू. मीच हट्ट धरला की आपण साफ करू. ट्रॅक्टर काकांचाच, सेकंडहँड घेतलेला, माझ्याहून वयानं मोठा. सेल्फ चालत नाही म्हणून तो कायम उतारावर उभा करावा लागतो.

विहिरीच्या त्या रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसलो. आपल्याआधी कुणी असा पडीक झाडोरा ट्रॅक्टरनं काढायचा प्रयत्न केला असेल का? निघालं असं की आपल्याच राज्यात केला होता. तेव्हाचं आपलं राज्य म्हणजे मध्य प्रदेश. १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता आणि राजधानी होती नागपूर.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात धान्याचा तुटवडा होता आणि मध्य भारतात मोठमोठे पट्टे कांसानं गिळलेले होते. कांस म्हणजे शरदात पांढरे तुरे येणारं ते उंच गवत. फोटोत छान दिसतं. शेतात शिरलं की कुंद्याचाच मोठा भाऊ. मुळं इतकी खोल की बैलाच्या नांगराला पुरत नाहीत. उपाय एकच : भर उन्हाळ्यात खोल नांगरायचं, मुळं उलथून वर काढायची आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात वाळवायची. त्यासाठी केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली. सुरुवातीचे ट्रॅक्टर होते महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यानं इथंच टाकून दिलेले. म्हणजे देशाचा हा पहिला मोठा प्रयोगही सेकंडहँड मशीनवरच सुरू झाला, हे वाचून मला काकांचा ट्रॅक्टर जरा जवळचा वाटला.

मग नवे अवजड ट्रॅक्टर घ्यायचे ठरले. जागतिक बँकेनं १९४९ च्या ऑगस्टमध्ये भारताला पहिलं कर्ज दिलं ते रेल्वेसाठी. पुढच्याच महिन्यात दुसरं, १ कोटी डॉलरचं, शेतीच्या यंत्रांसाठी, आणि त्यातलं मुख्य काम कांस काढणं. एका गवतासाठी आंतरराष्ट्रीय कर्ज! भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला १९५९ मध्ये, म्हणजे ही सगळी फौज परदेशीच. चालवणारे, दुरुस्त करणारे हात कमी होते. आज मध्य प्रदेशात असलेल्या बुधनीला १९५५ मध्ये ट्रॅक्टरचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, ते अजूनही चालू आहे. लाखो एकर जमीन या मोहिमेत नांगरली गेली. ट्रॅक्टरविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे विसरू नये. भुकेच्या काळात ते काम झालं.

पण नांगरल्यावर मागे माणूस लागतो. दरवर्षी मशागत करणारा, राहिलेलं मूळ दिसलं की वाकून उपटणारा. तो नसेल तर कांस परत येतं. आमच्या वावरात बारा वर्षं नव्हता तो तोच.

आता आमची दुसरी फजिती. विहिरीवरून ट्रॅक्टर दोराच्या आणि शेजारच्या दोन बैलजोड्यांच्या मदतीनं मागे ओढला. (ट्रॅक्टरला बैलांनी ओढताना गावातली सगळी पोरं व्हिडिओ काढत होती.) चार दिवसांनी एका बाभळीच्या खुंटाला साखळी बांधली. खालच्या हुकाला गंज चढलेला, म्हणून मी ती मागच्या वरच्या पिनेला अडकवली. काकांनी क्लच सोडला. खुंट हललाच नाही, ट्रॅक्टरचं तोंड मात्र आभाळाकडे गेलं. काकांनी झटक्यात क्लच दाबला आणि पुढची चाकं धाडकन खाली आली. तिथं उन्हात बसून मी त्यांची माफी मागितली.

ही गोष्ट मला कळायला हवी होती. मागची चाकं अडली की इंजिनचा जोर ट्रॅक्टरलाच मागच्या आसाभोवती फिरवतो. साखळी आसाच्या खाली असेल तर ओढ पुढचा भाग दाबून धरते, वर असेल तर उलथवायला मदत करते. उलटायला फार तर एक-दोन सेकंद पुरतात. स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली. आपल्याकडे शेतात फिरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा छत्री असते, नाहीतर स्पीकर.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला अवजड ट्रॅक्टर कांस उलथत होते, तेव्हा आमच्या गावापासून फार लांब नाही अशा पवनारला विनोबा भावे अगदी उलटा प्रयोग करत होते. १९५० मध्ये धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्ती सुरू केली : पैशावाचून जगायचं. त्यात ऋषिशेती होती. ट्रॅक्टर सोडा, बैलही नाही, माणसाच्या हातानं आणि कुदळीनं शेती. जे. सी. कुमारप्पा वर्ध्यातच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम बघायचे. बैल कामासोबत खतही देतो, ट्रॅक्टर ते देत नाही, हा त्यांचा हिशेब. पुढे जिल्ह्यातल्याच सेलडोहला त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पायी निघाले आणि एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. त्यात मिळालेली बरीच जमीन खडकाळ, झाडोऱ्याची होती. ती साफ कशानं करायची, हा प्रश्न मग उरलाच.

मला स्वतःला चार एकर कुदळीनं खणणं जमणार नाही, आणि चाळीस वर्षांच्या माणसानं रोज आठ तास ते करावं असंही मी म्हणणार नाही. पण पवनारला जमीन खणताना भरत-राम भेटीची जुनी मूर्ती सापडली, ती आश्रमात आजही आहे. आमच्या ट्रॅक्टरखाली ती आली असती तर तुकडेच हाती लागले असते. लागले असते का, तीही शंकाच आहे.

आम्ही शेवटी आबाजींच्या वेळच्या सालदाराला शोधलं. सत्तरीच्या पुढचे, दोन गावं पलीकडे लेकीकडे राहतात. ते आले, काठी टेकत वावरात शिरले आणि विहिरीपाशी थांबून मला म्हणाले, "बापू, हे विहीर तं तुह्या आबाजीनं अन् मीनं खंदली. मले काऊन नाही इचारलं?"

मी काय उत्तर देणार? त्यांनी तीन दिवस फिरून काठ्या रोवल्या. विहिरीच्या चार बाजूंना चार, बुजलेल्या पाटाच्या रेषेवर सात-आठ, ढोरांच्या दगडी डोणीपाशी एक. मोहाच्या झाडाला त्यांनी फडकं बांधलं. मोह परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मला कायदा वाचून कळलं होतं. त्यांनी कायद्यासाठी बांधलं नव्हतं. त्या झाडाखाली आबाजी जेवायला बसायचे म्हणे.

काठ्या सोडून बाकीचं काकांनी मे महिन्यात नांगरलं. साखळी खालच्या हुकाला, गंज मी स्वतः घासून काढलेला. मुळं उन्हात पडली, वाळली, विहिरीभोवती आम्ही काटेरी तारेचं कुंपण घातलं. जूनमध्ये पाऊस पडला आणि आठव्या दिवशी काकांचा फोटो आला. काळ्या मातीत कुंद्याचे हिरवे कोंब, आणि खाली एकच ओळ : "शनिवारी ये, खुरपं घेऊन."