पुण्यात पहिल्यांदाच राहायला येताय? वस्ती सुरक्षित आहे का, हे असं तपासा

ऑफर लेटर आलं, जॉइनिंगची तारीख ठरली आणि घर शोधायला हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. लातूर, नांदेड, जळगाव किंवा चंद्रपूरहून पुण्यात येणाऱ्या अनेकांची हीच स्थिती असते. मग कुठल्यातरी ग्रुपवर प्रश्न पडतो, "पुण्यात कोणता एरिया सेफ आहे?" पाच मिनिटांत पंधरा उत्तरं येतात. कोणी कोथरूड सांगतं, कोणी वाकड, तर कोणी म्हणतं खराडीशिवाय बघूच नका.

यातलं एकही उत्तर खोटं नसतं, पण प्रत्येक उत्तर सांगणाऱ्याच्या आयुष्याचं असतं. संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्या माणसाला शांत वाटणारी गल्ली रात्री साडेअकराला कॅबमधून उतरणाऱ्या मुलीला निर्मनुष्य वाटू शकते. त्यामुळे एरियाचं नाव विचारून भागत नाही. तुमची रोजची वाट, तुमच्या वेळा आणि ती विशिष्ट इमारत तपासावी लागते. उदाहरणं पुण्याची घेतली असली तरी ही पद्धत कुठल्याही शहरात वापरता येते.

आधी स्वतःच्या वेळा लिहून काढा

घराच्या जाहिराती बघण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. कामावरून सुटण्याची वेळ, येण्याजाण्याचं साधन, घरात आणखी कोण राहणार आणि एकटं चालावं लागेल असं अंतर. या चार उत्तरांवरून निम्मी यादी आपोआप गळते.

रात्रीची शिफ्ट असलेल्या महिलांनी कंपनीला आधीच विचारावं. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (2017) महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचं असेल तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन देण्याची जबाबदारी आस्थापनेवर असते. तेव्हा कॅब सोसायटीच्या गेटपर्यंत येते की चौकातच सोडते, हे घर ठरवण्याआधी माहीत हवं.

गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल मोठ्या शहरांचे आकडे देतो. पण हे आकडे पूर्ण शहराचे असतात, त्यावरून तुमची गल्ली कशी आहे ते कळत नाही. शिवाय जास्त नोंदी म्हणजे जास्त गुन्हे असंही सरळ गणित नसतं. जिथे लोक तक्रार करायला जातात आणि पोलीस ती लिहून घेतात, तिथेही आकडा वाढतो.

त्यापेक्षा उपयोगी एक गोष्ट सगळ्यांसाठी खुली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर ऑनलाइन टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पोलीस ठाणं आणि तारीख निवडून ते बघता येतात. त्यासाठी आपला पत्ता कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतो हे माहीत हवं. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडला वेगळं पोलीस आयुक्तालय झालं. त्यामुळे हिंजवडी आणि वाकड पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे, तर कोथरूड पुणे शहर पोलिसांकडे आहे.

एक-दोन महिन्यांच्या नोंदी चाळा. एकूण आकडा मोजत बसू नका, प्रकार बघा. घरफोड्या दिवसा होतात की रात्री? दुचाकी चोरी किंवा मोबाइल हिसकावण्याच्या घटनांत एकाच रस्त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं का? हद्दीत बाजारपेठ किंवा बसस्थानक असेल तर नोंदी जास्तच असणार, हेही लक्षात ठेवा. महिलांविषयीचे काही गुन्हे संवेदनशील म्हणून तिथे दिसणार नाहीत. म्हणून पोर्टलवर काही सापडलं नाही, तरी पुढची पायरी चुकवू नका.

एकदा दिवसा, एकदा रात्री चालून बघा

एजंट घर दाखवतो ते दुपारी, आणि गाडीवर बसवून थेट गेटपर्यंत नेतो. तुम्ही मात्र बस किंवा मेट्रोतून उतरून रोजच्या वेळेला चालत जाणार आहात. म्हणून टोकन देण्याआधी त्याच वेळेला, त्याच रस्त्याने स्टॉपपासून घरापर्यंत चालून बघा. शक्य असेल तर सोबत कोणाला तरी घ्या.

चालताना काय बघायचं? पथदिवे नुसते उभे आहेत की लागतात. मेडिकल, किराणा, चहाची टपरी किती वाजेपर्यंत उघडी असते. दोन्ही बाजूंना लांबलचक भिंत किंवा मोकळा प्लॉट असलेला पट्टा किती मोठा आहे. मोकाट कुत्र्यांची टोळी आहे का. त्या वेळेला रिक्षा तिथे यायला तयार होते का. आणि सर्वांत महत्त्वाचं, रस्त्यावर बायका, मुलं, म्हातारी माणसं दिसतात का.

मग थांबून कोणाशी तरी बोला. इस्त्रीवाला, मेडिकलवाले काका, समोरच्या सोसायटीचा वॉचमन, दूध टाकणारा माणूस. "एरिया सेफ आहे का?" असं विचारलं तर "एकदम सेफ" असंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. "मुली रात्री दहाला क्लासवरून एकट्या येतात का?" "मागच्या वर्षात इथून गाडी चोरीला गेली का?" "लाइट गेली तर किती वेळाने येते?"

पाणी कुठून येतं आणि पावसात कुठे भरतं?

सुरक्षित वस्ती म्हटलं की आपल्याला चोर आठवतो. पण पुण्यात गेल्या काही वर्षांत पाण्यानेही अनेकांचे संसार उघड्यावर आणले आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. त्यात लोकांचे जीव गेले. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. यातली बरीच घरं चांगल्या मध्यमवर्गीय भागातली होती.

म्हणून जवळ नदी किंवा ओढा आहे का ते नकाशावर बघा. ओढा कोरडा असला तरी तो ओढाच असतो. नदीकाठच्या जागेसाठी पूररेषा विचारा. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवतात. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची खूण दिसते का तेही बघा आणि तळमजल्यावरच्या रहिवाशांना 2019 आणि 2024 चा अनुभव विचारा.

पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करा. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि विहिरीच्या पाण्याचा प्रश्न चर्चेत आला. पालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये इमारती आधी उभ्या राहतात, पाण्याची लाइन नंतर येते. सोसायटीत नळाचं पाणी आहे, बोअर आहे की टँकर, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारायला लाजू नका.

रस्ता ओलांडावा लागतो का?

घर चांगलं, भाडं कमी, पण बसस्टॉप हायवेच्या पलीकडे. अशा घरात रोज दोनदा जीव मुठीत धरावा लागतो. मुंबई-बंगळुरू महामार्गावरचा नवले पूल अपघातांसाठी ओळखला जातो. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथल्या उतारावर एका अवजड वाहनाच्या धडकेत अनेक वाहनांचं नुकसान झालं. म्हणजे नऱ्हे, आंबेगावमध्ये राहूच नये असं नाही. पण पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग किंवा पूल आहे का, आणि तो रात्री वापरण्यासारखा असतो का, हे स्वतः बघा.

इमारत आणि पीजी

जिन्यात चपलांचे रॅक, सायकली, जुनं फर्निचर कोंबलेलं असेल तर आग लागल्यावर पळायला वाट राहत नाही. महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार (2006) अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. मोठ्या इमारतीत सोसायटीच्या ऑफिसात त्याची चौकशी करा.

पीजी बघताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, रात्री मुख्य दाराची किल्ली कोणाकडे असते आणि खिडकीची जाळी आतून उघडते का, हे तपासा. गेटला बाहेरून कुलूप लावून रखवालदार निघून जात असेल तर ती सुरक्षा नाही.

टोकन आणि करारनामा

घर न बघता टोकन पाठवू नका. 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, आधी डिपॉझिट भरा म्हणजे गेटपास मिळेल' हा फसवणुकीचा जुना प्रकार आजही चालतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या (1999) कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करारातली लॉक-इनची अट वाचा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत घर सोडायची मुभा मागून घ्या. वस्ती चुकली तर डिपॉझिट अडकलंय म्हणून तिथेच राहायची वेळ येऊ नये.

'चांगली वस्ती' म्हणजे कोणाची?

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. "तिकडे नको, तिथे तसले लोक राहतात" हे वाक्य घर शोधताना हमखास ऐकू येतं. त्यामागे अनेकदा माहिती नसते, जात, धर्म किंवा गरिबीबद्दलचा समज असतो. उशिरापर्यंत लोक दारात बसलेले असतात अशा दाट वस्तीतून रात्री चालताना मदत हाकेच्या अंतरावर असते. उलट मोठ्या सोसायट्यांच्या उंच भिंतींमधला रस्ता आठ वाजताच ओस पडलेला असू शकतो. असं वाक्य ऐकलं की विचारा, "म्हणजे नेमकं काय झालं होतं, कधी?" उत्तर मिळालं तर ती माहिती. नाही मिळालं तर सोडून द्या.

वेळच नसेल तर घाईत अकरा महिन्यांचा करार करण्यापेक्षा पहिले पंधरा दिवस ओळखीच्यांकडे किंवा पीजीत काढा आणि ऑफिसपासून घराकडे शोधत या. घर बदललं की नवा पत्ता, खुणेसकट, घरच्यांना पाठवा. आणि आपत्कालीन मदतीसाठीचा 112 हा नंबर फोनमध्ये सेव्ह करण्यासोबतच पाठही करा.